डोक्यावर अमेरिका, पाठीवर जपान: ऑनलाइन घेतलेला जुना बेस, नऊ महिन्यांनंतर

गणपतीच्या तोंडावर घेतला होता, आता मे सरत आलाय. मधल्या काळात या बेस गिटारनं नवरात्र पाहिली, दिवाळीनंतरचा लग्नसराईचा धडाका पाहिला, शिरपूर, दोंडाईचा, धरणगावच्या हळदी पाहिल्या आणि आता अमळनेरचा ४५ अंशांचा उन्हाळा सोसतोय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं, म्हणून थांबलो.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. दिवसा पतपेढीत बसतो, रात्री आणि सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. अठरा वर्षं झाली. शिकलो तो कलकत्त्याच्या गिटारींवर. गिवसन हे त्यांचं नाव ऐकून अमेरिकेतली गिब्सन कंपनी आठवायची, पण त्यात फसवणूक नव्हती. डोक्यावर जे नाव तेच बिलावर, आणि त्या किमतीत जे मिळायचं तेच मिळायचं. खरा घोळ आहे तो जुन्या, ‘व्हिंटेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेसमध्ये, जिथे नाव एका देशाचं, नेक (बोटं चालतात ती लांब दांडी) दुसऱ्या देशाची आणि आतल्या वायरी गल्लीतल्या.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘फेंडर जॅझ बेस, १९७८, मेड इन जपान, लॉसूट एरा, रेअर’. भाव ६२ हजार. हिरव्या फरशीवर ठेवून काढलेले सात फोटो. या एका ओळीत तीन गोष्टी एकमेकींशी भांडतात, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणामुळेच मी थांबून पाहिलं.

पहिलं भांडण सालाचं. फेंडर ही अमेरिकन कंपनी, जॅझ बेस हे तिचं मॉडेल, आणि तिची जपानी कंपनीच १९८२ मध्ये उभी राहिली. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात तिचे बेस बनू लागले आणि त्या सुरुवातीच्या मालावर ‘जेव्ही’नं सुरू होणारे नंबर आले. १९७८ मध्ये जपानमध्ये फेंडरसारखे बेस ढिगानं बनत होते, पण फेंडर म्हणून नाही.

दुसरं भांडण नंबराचं. फोटोत हेडस्टॉकवर, म्हणजे बेसच्या डोक्यावर, नंबर दिसत होता, एस आणि मग ८. फेंडरनं १९७६ पासून नंबर नेक जोडणाऱ्या मागच्या प्लेटवरून डोक्यावर आणला, आणि एस म्हणजे सत्तरचं दशक, पुढचा आकडा साल. म्हणजे नंबर सांगतो अमेरिका, १९७८. त्याखाली बारीक अक्षरात ‘मेड इन यूएसए’ही होतं! आणि मागच्या प्लेटच्या फोटोत, जरा मोठा करून पाहिला तर, ‘स्टील ॲडजस्टेबल नेक, जपान’ असा ठसा. अशा प्लेटा सत्तरच्या दशकातल्या जपानी कॉप्यांवर सर्रास सापडतात. डोक्यावर अमेरिका, पाठीवर जपान. विकणाऱ्यानं दोन्ही फोटो स्वतःच टाकले होते, म्हणजे त्यालाही वाचता येत नव्हतं किंवा समोरच्याला येणार नाही असं वाटलं होतं.

तिसरं ते ‘लॉसूट’, म्हणजे खटला. हा शब्द दिसला की भाव दहा हजारांनी चढतो, म्हणून नीट सांगतो. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं आयबानेझ या जपानी ब्रँडचा अमेरिकेतला धंदा बघणाऱ्या एल्गरवर दावा ठोकला होता. भांडण गिब्सनच्या हेडस्टॉकच्या आकारावरून होतं. पुढच्या वर्षी आपसात मिटलं. बस एवढंच. जॅझ बेसच्या कॉपीशी त्या खटल्याचा संबंध आमच्या ऑर्केस्ट्राच्या टेम्पोचा विमानाशी असावा तेवढा. पण आज कुठलीही जुनी जपानी गिटार दिसली की विकणारे कपाळाला लॉसूटचा टिळा लावून मोकळे होतात.

आता खऱ्या १९७८ च्या अमेरिकन जॅझ बेसला काय असतं ते पाहू. नेक तीन बोल्टांवर बसलेली. ट्रस रॉडचं (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) नट बंदुकीच्या गोळीसारखं हेडस्टॉकवर बाहेर आलेलं. फिंगरबोर्डवर (बोटं दाबतात त्या पट्टीवर) गोल ठिपके नाहीत, चौकोनी ब्लॉक. ब्रिजकडचा (तारा बॉडीवर अडकतात तिकडचा) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, साठच्या दशकातल्या जागेपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकलेला. जाहिरातीतल्या बेसला चार बोल्ट, गोल ठिपके, गोळी नाही, आणि पिकअप जुन्या जागी. म्हणजे ज्यानं लोगो चिकटवला त्यानं कुठल्या सालाची नक्कल आहे हेसुद्धा पाहिलं नव्हतं. एक सावधगिरी: चार बोल्ट दिसले की खोटा असा नियम करून बसू नका. त्याच काळात फेंडरच्या प्रिसिजन बेसला चारच बोल्ट होते. मॉडेल आणि साल दोन्ही धरूनच बोल्ट मोजायचे.

मग घेतला कशाला? कारण कॉपी म्हणून तो चांगला दिसत होता. नेक सरळ, फ्रेटवर, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, मांस शिल्लक, आणि मला मंचावर वाजवायला बेस हवा होता, कपाटात ठेवायला नव्हे. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल केला, एकेक गोष्ट दाखवली. आधी तो चिडला. म्हणाला, ‘दादा, माझ्या मामानं दुबईहून आणलाय.’ मी म्हटलं, ‘मामाबद्दल काही म्हणणं नाही, प्लेटबद्दल आहे.’ आठ दिवस गप्प राहिला. मग ३१ हजारांवर आला. थेट जपानहून मागवायचाही हिशोब मी करून पाहिला होता. भाडं आणि कस्टम धरून बेस तिथून निघतो स्वस्तात आणि अमळनेर स्टेशनवर उतरतो सोन्याच्या भावात.

पैसे देण्याआधी मी एकच फोटो हट्टानं मागितला: नटपासून, म्हणजे डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत शिंप्याचा टेप लावलेला. तिथे १७ इंच यायला हवेत, म्हणजे पूर्ण स्केल, तारेची वाजणारी लांबी, ३४. जपानी कॉप्यांमध्ये आखूड स्केलचे बेस पुष्कळ आहेत, फोटोत ते ओळखू येत नाहीत, आणि घरी आल्यावर बोटं दोन फ्रेट चुकतात तेव्हा कळतं. नेक काढून तिच्या बुडाचा फोटो पाठवा असंही म्हणालो. ‘स्क्रू ड्रायव्हर नाही’ असं उत्तर आलं. तिथे मी ढिला पडलो. पुढं त्याची किंमत मोजली.

बेस आला. खोक्यात थर्माकोल भरपूर, तारा मात्र ताणलेल्या तशाच. अशा प्रवासात तारा थोड्या सैल करून पाठवायच्या असतात, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ॲम्पला लावला तर नेककडचा पिकअप बोलतोय, ब्रिजकडचा कुजबुजतोय. व्हिडिओ कॉलवर त्यानं एकच व्हॉल्यूम उघडून वाजवला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात गेलो. आमच्या शेजारचे काका तिथे बसतात. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग घेतलं आणि हेडस्टॉक दुकानाच्या दाराशी तिरक्या उन्हात धरला. लोगोच्या कडेभोवती अर्धा मिलिमीटरची पारदर्शक झालर दिसली, आणि वार्निश तिच्या खाली होतं, वर नव्हतं. त्याहून मजेची गोष्ट लोगोच्या खाली. तिथलं लाकूड जरा फिकट होतं आणि त्या फिकटपणात दुसऱ्याच कुठल्या तरी नावाची अक्षरं होती, उन्हानं आजूबाजूचं लाकूड पिवळं केलं आणि जुन्या नावाखाली तेवढं झाकलेलं राहिलं तसं. काकांनी भिंग परत घेऊन स्वतः पाहिलं आणि म्हणाले, ‘हाई नाव नंतर चिकटाडेल शे, भाऊ.’ मग मला चहा पाजला. मी बेस तोळ्यावर विकायला आलोय अशा नजरेनं बाकीची गिऱ्हाइकं बघत होती.

घरी येऊन नेक काढली. चार स्क्रू, पाच मिनिटं. नेकच्या बुडाशी तारीख नाही, फक्त पेन्सिलीनं काढलेला एक आकडा आणि पुसट शिक्का. नेक बसते त्या बॉडीच्या खिशात पाहिलं तर खारी बिस्किटासारखे थर. प्लायवूड. जपानी कॉप्यांच्या सुरुवातीच्या मालात हे नेहमीचं आहे, बाहेरून जाड रंगाखाली कळत नाही, खिशात किंवा पिकअपच्या भोकात कळतं. खिशाच्या तळाला सिगारेटच्या पाकिटाचा घडी केलेला तुकडा होता, नेकचा कोन सुधारायला कुणीतरी घातलेला. तो मी तसाच परत ठेवला, कारण कोन खरंच बरोबर होता.

प्लायवूडबद्दल आपल्याकडे उगाच नाक मुरडतात. मीही आधी मुरडलं. नऊ महिन्यांनी माझं मत असं: ऑर्केस्ट्रात, उघड्या मैदानात, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी उभं राहून प्लायवूड आणि सलग लाकूड यातला फरक ऐकू येतो म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही. वजन मात्र लागतं. माझा ४ किलो ३०० ग्रॅम भरला, किराणा दुकानाच्या काट्यावर. चार तासांच्या कार्यक्रमानंतर डावा खांदा बोलतो.

आता पिकअपची गोष्ट, कारण यातच सगळ्यात जास्त शिकलो. आमच्याकडे टीव्ही दुरुस्त करणारे नाना आहेत, आता टीव्ही कमी आणि कूलरच्या मोटारी जास्त. त्यांच्या टेबलावर कंट्रोल प्लेट उघडली. पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे भाग, नवेकोरे, नाण्याएवढे छोटे, सोल्डर चांदीसारखं चमकणारं. जुन्या अमेरिकन बेसच्या पॉटवर आकडे असतात: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, पुढे साल आणि आठवडा. १३७६६३३ दिसलं तर सीटीएस, १९६६ चा तेहेतिसावा आठवडा. त्यावरून बेस त्याआधीचा नाही एवढंच ठरतं, त्याच वर्षीचा आहे असं नाही, कारण कारखान्यात पॉट वर्षानुवर्षं पडून राहायचे. माझ्या पॉटवर काहीच नव्हतं. कुणीतरी अलीकडे बदललेले.

नानांनी मल्टिमीटर लावला. नेकचा पिकअप सात हजार ओहमच्या वर, निरोगी. ब्रिजच्या पिकअपला मीटरवर काहीच नाही, म्हणजे तार तुटलेली. हा पिकअप जुनाच होता. कॉइलची तार केसापेक्षा बारीक असते. नानांनी चष्म्यावर दुसरा चष्मा लावला आणि दहा मिनिटं काही न बोलता बघत राहिले. तुटलेलं टोक बाहेरच्या वायरीला जोडतात तिथेच, सोल्डरच्या ठिपक्यापाशी सापडलं. नवे पॉट लावताना कुणीतरी ओढलं असणार. कॉइलच्या आत तुटली असती तर पुन्हा गुंडाळण्याशिवाय इलाज नव्हता. जोडली, बेस बोलला, पण दोन्ही पिकअप एकत्र उघडले की आवाज रेडिओ पिंपात ठेवल्यासारखा. खालचा सूर गायब! नानांनी पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि बेस पुन्हा पोटातून बोलायला लागला.

याच जोडणीत आणखी एक गोष्ट कळली. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की जनरेटरची घरघर एकमेकांत विरते. एक जरा कमी केला की घरघर परत. माझ्या कॉपीतही हे व्यवस्थित केलेलं निघालं. दोंडाईच्याला एका लग्नात मंडपाची लाइट कुठून घेतली होती ते विचारू नका, तिथे मी रात्रभर दोन्ही व्हॉल्यूम उघडे ठेवून वाजवलं.

तक्रारी आहेतच. एक म्हणजे चाव्या. ई तारेच्या चावीचं दातेरी चाक झिजलेलं होतं, आणि शिरपूरला हळदीत, नवरी उठायच्या ऐन वेळी, तार अर्धा सूर खाली घसरली. गायकानं मागे वळून पाहिलं ते मी विसरणार नाही. चारही चाव्या बदलल्या. जुन्यांची भोकं आणि नव्यांची जुळत नव्हती, त्यामुळे जुनी बुजवून नवीन पाडावी लागली. ज्याला हा बेस पुढे ‘अस्सल अवस्थेत’ विकायचा आहे त्यानं असं करू नये. मला वाजवायचा आहे.

दुसरी तक्रार खानदेशातल्या माणसालाच कळेल अशी. या बेसचा ट्रस रॉड नेकच्या बुडाकडून फिरतो, म्हणजे प्रत्येक वेळी तारा सैल करा, चार स्क्रू काढा, पाव फेरा फिरवा, परत लावा, ट्यून करा, बघा, परत काढा. पुण्या-मुंबईच्या माणसानं हे वर्षातून एकदा केलं तरी चालतं. आमच्याकडे मार्चमध्ये हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं, नेक मागे झुकते आणि पहिले पाच फ्रेट खरखर करायला लागतात. ते सैल करून सुधारलं, की एप्रिलमध्ये घरात कूलर लागतो. बेस कूलरच्या दमट खोलीत राहतो आणि संध्याकाळी टेम्पोतून तव्यासारख्या तापलेल्या मैदानात जातो. कूलर लागल्यावर पहिल्या महिन्यात मी तो कूलरच्या समोरच्या खुंटीला टांगला होता, हा माझा मूर्खपणा. तीन आठवड्यांत ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, इतका वर गेला की बाराव्या फ्रेटवर तार दाबायला बोट दुखायचं. आता तो आतल्या खोलीत, पेटीत. नेक चारदा काढली, तर स्क्रूची भोकंही ढिली झाली. माचिसच्या काडीला फेव्हिकॉल लावून भोकात भरली, रात्रभर वाळवली. घट्ट बसले.

उन्हाळ्यात फ्रेटची टोकंही लाकडाबाहेर आली. नेकवरून हात सरकवला की करवतीसारखं लागायचं. बारीक कानस घेऊन एकेक टोक गोल केलं, दोन रविवार गेले. पावसाळ्यात लाकूड परत फुगेल, पण टोकं आता निवांत आहेत.

आणि चांगलं? नेक. अशी नेक मला नव्या बेसमध्ये दुप्पट पैशात मिळाली नाही. नटपाशी ३८ मिलिमीटर, हाताला निमुळती, मागून वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तारा मी फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत, लावल्यात. पंचमदांच्या काळातली गाणी वाजवायची तर त्यांचे बेसवादक टोनी वाझ यांच्या बेसचा तो गोल, दाबलेला आवाज खरखरीत राउंडवाउंड तारांच्या झणझणाटात सापडत नाही, असं माझं मत. साउंडवाला पोरगा म्हणतो की आता त्याला बेसच्या चॅनलला हातच लावावा लागत नाही.

लोगोचं काय केलं, हे बँडवाल्यांनी सगळ्यात जास्त विचारलं. डिसेंबरात बहिणीचं हेअर ड्रायर घेऊन गरम केला आणि नखानं काढला. दोन तुकड्यांत आला. आमचा कीबोर्डवाला नाराज झाला, ‘नाव होतं तं पार्टी भाव देत होती ना भो!’ पुढच्या महिन्यात धुळ्याच्या एकाला विकत हवा होता. जुने फोटो पाहून ५५ हजार म्हणाला. कॉपी आहे, लोगो काढलाय, चाव्या बदलल्यात, सांगितलं. लगेच २२ वर आला. २२ च्या भावात तो मला जास्त उपयोगाचा आहे, म्हणून ठेवला.

त्याच धुळ्याच्या मित्रानं नंतर एक आयबानेझ घेतला आणि तो खरा निघाला. त्या काळातल्या जपानी आयबानेझचा नंबर वाचायला सोपा: पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे साल. त्याचा एच ८० नं सुरू होतो, म्हणजे ऑगस्ट १९८०. नंबर, फ्रेट, पिकअप सगळं एकमेकांशी जुळलं. त्याआधी तो एका ‘रिकनबॅकर ४००१’ या अमेरिकन बेसच्या मागे होता. ट्रस रॉडच्या झाकणावर नाव होतं, पण झाकण काढायला सांगितल्यावर आत एकच रॉड दिसला, खऱ्याला दोन असतात. स्केलही ३४ इंच निघाली, रिकनबॅकरची ३३ आणि पाव. नाव त्या झाकणावरच असतं, त्यामुळे झाकण बदललं की बेसची जात बदलते.

गेल्या आठवड्यात त्यानंच मला एक जाहिरात पाठवली. ‘फेंडर जॅझ बेस, १९७८, लॉसूट’, भाव ७५ हजार, गाव वेगळं, विकणाऱ्याचं नाव वेगळं. फोटोत हिरवी फरशी. माझ्याच बेसवर आहे तो, ब्रिजखालचा चंद्रकोरीसारखा ओरखडा. बेस त्या वेळी माझ्या मांडीवर होता. मी विकणाऱ्याला नमस्कार घातला आणि म्हटलं, साहेब, आजचं वर्तमानपत्र बेसवर ठेवून एक फोटो पाठवा, लगेच घेतो. ‘उद्या पाठवतो’ म्हणाला. आज चौथा दिवस.